नववी, रात्रीचा वर्ग

भवानी पेठेत साडेसातला वर्ग भरतो.
बाकं सकाळच्या पोरांच्या मापाची,
गुडघे अडकतात सगळ्यांचे.
फळ्यावर मी पाच खाने आखते:
मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी.
पाच सृष्टी, म्हणते. परीक्षेला हमखास.

इद्रिस हात वर करतो, कोपरापर्यंत मैदा,
कॅम्पातल्या बेकरीतून तसाच आलाय.
बाई, यीस्ट कशात?
कवकांत. तिसऱ्या खान्यात.
म्हणजे झाड नाही.
नाही.
जनावर पण नाही.
नाही.
तो मान डोलावतो, त्याला केव्हाचंच ठाऊक असल्यासारखी.
साखर घातली की खुलतं बाई, रात्री ढेकरा देतं,
थंडीत रुसून बसतं, परातीवर पोतं पांघरावं लागतं.
झाडाचे एवढे लाड कोण करतं?

माझ्या आईच्या पुस्तकात दोनच होत्या.
हललं तर प्राणी, नाहीतर वनस्पती.
जगाला दोन दारं,
आणि अळंबी बिचारी
चुकीच्या घरात नांदत होती निमूट.

मथुरा पासलकर मार्केट यार्डात अळंबीचीच खोकी विकते.
गिऱ्हाईक विचारतं, शाकाहारीच ना हो हे?
मी म्हणते, घ्या बिनधास्त.
आता काय सांगू?
मी सांगते, पुस्तकात नाही, पण नात्यानं बघितलं
तर अळंबी पालकापेक्षा आपल्याला जवळची.
अगं बाई, म्हणते ती,
हे बाहेर बोलू नका, धंदा बसेल माझा.

मग पायऱ्या लिहिते, वरून खाली.
सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती.
मारुती खुडे वहीत सहा उतरवतो.
सातव्या ओळीवर त्याचं पेन थांबतं,
मी खिडकीतून रिक्षा बघते.

मारुती भैरोबा नाल्याच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात.
वर्गात बोलत नाही. आज बाटली आणलीय,
टाकीतलं पाणी, झाकण दोनदा घट्ट केलेलं.
सूक्ष्मदर्शक एकच, सकाळच्या शाळेचा,
आरसा तडकलेला, म्हणून खालून मोबाईलचा टॉर्च.
तो डोळा लावतो. बराच वेळ.
चपलेच्या आकाराचं काहीतरी गरगरतंय, म्हणतो,
आणि एक घंटीसारखं, देठावर, आखडतंय नि सुटतंय.
दुसरा खाना, मी सांगते. आणि त्यांच्याहून बारीक
ते पहिल्या खान्यातले, मैला खाणारे.
हे आमच्या पाळीतले, म्हणतो मारुती.
हे थांबले तर सगळं पुणं नाक धरेल.
मग डोळा न काढता:
बाई, ह्यांना आपली जात माहीत असते?
नाही.
बरंय.

मागून कुणीतरी विचारतं, आणि करोना?
कुठल्याच खान्यात नाही.
जिवंत म्हणावं की नाही, यावरच वाद आहे.
नवऱ्याला नेलं तेव्हा नव्हता वाद,
मथुरा म्हणते, आवाज न चढवता,
पिशवीचा बंद सारखा करत.
पंखा ऐकू येतो.
मी चौकटीबाहेर एक ठिपका काढते,
सकाळच्या बाई पुसतील.

पंधरा दिवसांनी घटक चाचणी.
प्रश्न दुसरा: कवके म्हणजे काय?
मला हवा होता शब्द: मृतोपजीवी.
हरितद्रव्य नसते, हेही चाललं असतं.
इद्रिसने लिहिलंय:
कवके रात्री अंधारात काम करतात,
कुणाला दिसत नाहीत,
आणि सकाळी लोकांना खायला मिळतं.
लाल पेनाचं टोपण काढते,
लावते.
पुढचं पान कोरं. त्याच्या पुढचंही.
अगदी तळाशी, घाईत, तिरकं:
बाई, पीठ वर आलं असेल,
निघतो.